मागाठाण्याचे शेत आणि कान्हेरीचे लेणे : डोंगरातली लेणी राखायची कोणी?

१/
पश्चिम द्रुतगती मार्गावरच्या मेट्रोत पोईसर मागे पडले की ‘पुढील स्थानक मागाठाणे’ अशी घोषणा होते. उतरणारे उतरतात, चढणारे चढतात. त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते की या गावाचे नाव सुमारे अठराशे वर्षांपूर्वी दगडात कोरले गेले आहे, आणि तेही गावात नव्हे, तर काही किलोमीटर आत, कान्हेरीच्या डोंगरात. आजचा हा धागा त्या नावापासून सुरू होतो आणि शेवटी पुन्हा त्याच गावात येऊन थांबतो.

२/
कान्हेरीच्या एका शिलालेखात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या कारकिर्दीचे सोळावे वर्ष नोंदले आहे. कल्याणचा रहिवासी असलेल्या अपरेणुक नावाच्या व्यापाऱ्याने येथे लेणे खोदवून भिक्षुसंघाला अर्पण केले, असे तो लेख सांगतो. एवढ्यावर तो थांबत नाही. लेण्यासोबत रोख ठेव दिली, आणि ‘मंगलठाण’ गावातील एक शेतही दिले, अशी त्यात नोंद आहे. हे मंगलठाण म्हणजेच आजचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात.

३/
या ठेवीला प्राचीन लेखांत ‘अक्षयनीवी’ म्हणतात. नीवी म्हणजे मुद्दल. ते कधीही खर्चायचे नाही. त्याच्या व्याजातून आणि शेताच्या उत्पन्नातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूला चीवर आणि वर्षावासाचा खर्च मिळावा, अशी ती व्यवस्था होती. दात्याला एक साधी गोष्ट उमगली होती. डोंगर एकदाच खोदावा लागतो, पण खोदलेले लेणे दरवर्षी राखावे लागते. म्हणून त्याने लेणे आणि ते राखण्याची सोय, दोन्ही एकाच दानात बांधून टाकले.

४/
आज मुंबईच्या उपनगरांत लेण्यांविषयी वाद निघतो तेव्हा पहिला प्रश्न असतो मालकीचा. जमीन कोणाची? रस्ता कोणाचा? खासगी जागेतले लेणे सरकारचे होऊ शकते काय? लोकांना आत जायचा हक्क आहे काय? हे प्रश्न नवे वाटतात. प्रत्यक्षात साष्टी बेटावरच्या लेण्यांनी गेल्या दोन हजार वर्षांत बरेच मालक पाहिले आहेत. त्या मालकांच्या हातून काय राखले गेले आणि काय निसटले, ते क्रमाने पाहू.

५/
आधी भूगोल. अंधेरीची कोंडिविटे, म्हणजे सर्वांच्या ओळखीची महाकाली लेणी, जोगेश्वरीचे प्रचंड शैव लेणे, बोरिवलीकडचे मंडपेश्वर, राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी, आणि मागाठाण्याची लहानशी बौद्ध लेणी. इथला बराचसा दगड अजिंठ्या-वेरूळच्या एकसंध कातळासारखा नाही. ज्वालामुखीतून उडालेले तुकडे चिकटून बनलेला हा संकोणाश्म आहे. तो खोदायला सोपा, पण तितकाच झिजायलाही सोपा. पावसाचे पाणी त्याच्या फटींत शिरते आणि कोरलेल्या चेहऱ्यांचे पोपडे निघू लागतात. कोकणच्या पावसात असे लेणे एखाददुसरे दशक दुर्लक्षित राहिले, तरी त्याची किंमत मोजावी लागते.

६/
लेणी राजांनी खोदवली, असा आपला सर्वसाधारण समज असतो. कान्हेरीचे लेख वेगळी गोष्ट सांगतात. कल्याण, सोपारा, चौल येथील व्यापारी, सोनार, गृहस्थ, त्यांच्या घरच्या स्त्रिया, भिक्षू आणि भिक्षुणी, अशी दात्यांची यादी आहे. कोणी अख्खे लेणे दिले, कोणी पाण्याची पोढी, कोणी बसायची आसने. कल्याणच्या एका लोहाराने तर वाट दान दिली आहे. लेण्याकडे जाणारी वाट ही स्वतंत्रपणे देण्याजोगी, नाव कोरून ठेवण्याजोगी वस्तू आहे, हे त्या लोहाराला कळत होते. ही वाट लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

७/
पाण्याचेही तसेच. कान्हेरीत जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी पोढी आहे, आणि माथ्यावरचे पाणी तिच्यात नेणाऱ्या पन्हळी कातळात कोरलेल्या दिसतात. या पन्हळी एकाच वेळी दोन कामे करतात. पिण्याचे पाणी साठवतात, आणि तेच पाणी लेण्याच्या छतात मुरण्यापासून वाचवतात. पन्हळ गाळाने बुजली की पोढी कोरडी पडते आणि लेणे ओले होते. म्हणजे पन्हळ साफ करणारा माणूस हाच या डोंगराचा पहिला संवर्धक होता, असे म्हणायला हरकत नाही.

८/
नवव्या शतकात, राष्ट्रकूटांचे मांडलिक असलेल्या शिलाहारांच्या काळातही कान्हेरीचा विहार नांदता होता. पुल्लशक्ती या शिलाहार राजाच्या वेळच्या लेखात एका दानाची वाटणी नोंदली आहे : बुद्धाच्या पूजेसाठी वीस द्रम्म, चीवरासाठी पाच, विहाराच्या दुरुस्तीसाठी तीन आणि ग्रंथांसाठी एक. आजच्या भाषेत हे अंदाजपत्रक झाले. त्यात ‘दुरुस्ती’ हे स्वतंत्र शीर्षक आहे. पूजेच्या मानाने रक्कम लहान असली तरी ती इतर खर्चात मिसळलेली नाही; वेगळी काढून ठेवली आहे.

९/
आता पाहुण्यांकडे वळू. विहाराला उतरती कळा लागत असतानाच्या काळात, इ. स. १००९ मध्ये आणि पुन्हा १०२१ मध्ये, काही पारशी मंडळी कान्हेरीला आली. एका लेण्याच्या भिंतीवर त्यांनी पहलवी लिपीत आपली नावे आणि तारखा कोरल्या. भारतातील पारशांच्या आरंभीच्या इतिहासासाठी हे कोरीव मजकूर आज अमोल साधन मानले जातात. पण विचार केला तर ते काय आहेत? लेणे पाहायला आलेल्या प्रवाशांनी भिंतीवर कोरलेली नावे!

१०/
हजार वर्षांपूर्वीच्या नावांना आपण जपतो आणि कालच्या ‘अमुक लव्ह्ज तमुक’ला शिक्षा सांगतो, यात विसंगती नाही काय? दोन्हींत फरक संख्येचा आहे. दोन भेटींत उमटलेल्या मोजक्या ओळी भिंत सहन करू शकते. बेस्ट, लोकल आणि मेट्रो यांनी जोडलेल्या महानगरातील गर्दीने तोच शिरस्ता पाळला, तर भिंतच उरणार नाही. म्हणून केंद्रीय कायद्यात संरक्षित स्मारक विद्रूप करण्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद २०१० पासून आहे. पाहुण्यांचे नियमन हा संवर्धनाचाच भाग होतो, तो इथे.

११/
आता मालकी बदलू लागते. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्यासोबत साष्टी पोर्तुगीजांना दिली. पुढच्या दशकात फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियो दो पोर्तो याने मंडपेश्वरच्या शैव लेण्यात चर्च उभारले आणि माथ्यावर मठ बांधला. या प्रदेशात देवळांच्या उत्पन्नाच्या जमिनी ख्रिस्ती संस्थांकडे वळवण्याचे पोर्तुगीज धोरणच होते. नीवी तीच राहिली, धनी बदलला. नटराजाच्या शिल्पपटाचे ते लेणे आणि त्याच लेण्यात कोरलेला क्रूस, दोन्ही आजही एका छताखाली पाहता येतात.

१२/
१७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने वसई जिंकली आणि साष्टी मराठ्यांकडे आली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टी काबीज केली. सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये ती त्यांच्याकडे कायम झाली. मंडपेश्वरचा वापर या प्रत्येक टप्प्यावर बदलत गेला. माथ्यावरचा मठ ओस पडला, त्याच्या भिंती आज उघड्या आभाळाखाली उभ्या आहेत. खालच्या लेण्याला मात्र कोणा ना कोणाचा वावर राहिला. ज्या वास्तूत माणसांचा वावर राहिला ती, कितीही बदलली तरी, टिकली. जिच्यातून तो उठला ती ढासळली.

१३/
कंपनी सरकारने साष्टीत एक नवी व्यवस्था आणली. लागवड वाढावी म्हणून गावेच्या गावे व्यापाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना कायमच्या किंवा दीर्घ मुदतीच्या हक्काने देऊन टाकली. फ्रामजी कावसजींची पवईची इस्टेट हे त्यातले परिचित उदाहरण. गावासोबत डोंगर आले, डोंगरासोबत त्यातली लेणीही जमिनीच्या कागदांत गुरफटली. सनद लिहिणाऱ्याच्या दृष्टीने लेणे म्हणजे पिकाला निरुपयोगी खडक. हे हक्क इतके खोलवर रुजले होते की स्वातंत्र्यानंतर साष्टीतील इस्टेटींची महसूलमाफी संपवण्यासाठी मुंबई राज्याला १९५१ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला.

१४/
म्हणून उपनगरातल्या एखाद्या लेण्याच्या भोवतालची जमीन खासगी निघाली तर आश्चर्य वाटायला नको. तो कोणा एका बिल्डराचा कालचा डाव असेलच असे नाही. पुष्कळदा ती दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या दस्ताची शेवटची कडी असते. दस्त विकत, वाटत, गहाण पडत पुढे सरकतो. अक्षयनीवीत लेणे आणि शेत एकमेकांना बांधलेले होते. नव्या दस्तांनी शेत उचलले आणि लेणे सोडून दिले. शेताचे पुढे भूखंड झाले. लेण्याचे काय व्हावे, हे कोणत्याही सनदेत लिहिलेले नव्हते.

१५/
१९०४ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात प्राचीन स्मारक जतन कायदा झाला. त्यात पहिल्यांदा एक मधला मार्ग सापडला. स्मारक खासगी असले तरी सरकार ते ‘संरक्षित’ घोषित करू शकते, मालकाशी देखभालीचा करार करू शकते, किंवा मालकी हिरावून न घेता पालकत्व स्वीकारू शकते. स्मारक धोक्यात आले तर सक्तीने विकत घेण्याचा अधिकारही होता. मात्र जिथे धार्मिक विधी चालतात, अशा वास्तूंना त्या सक्तीतून वगळले होते. स्वतंत्र भारताच्या १९५८ च्या कायद्यानेही करार, खरेदी, भेट आणि पालकत्व हे मार्ग मोकळे ठेवले.

१६/
या कायद्यांतली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ‘प्राचीन स्मारक’ या शब्दाची व्याख्या. तिच्यात लेण्याचा नावानिशी उल्लेख आहे. आणि पुढे जाऊन व्याख्या सांगते की स्मारक म्हणजे त्याची जागा, कुंपण घालण्यास वा जतनास लागेल तेवढी लगतची जमीन, तसेच तिथवर पोहोचण्याची आणि ते नीट पाहण्याची साधने. वाट ही लेण्याचाच अवयव आहे, असा याचा अर्थ. कल्याणच्या लोहाराने दगडात जे कोरले होते, ते सतराएक शतकांनी कायद्याच्या पुस्तकात आले.

१७/
खासगी मालकीचे लेणे, ते राखण्याची धडपड आणि पाहुण्यांची गर्दी यांचा जगातला सर्वांत गाजलेला धडा फ्रान्समधील लास्को गुहेचा आहे. १९४० च्या सप्टेंबरात काही मुलांना ती सापडली. प्रागैतिहासिक चित्रांनी भरलेली ही गुहा एका सरदार घराण्याच्या जमिनीत होती. त्याच वर्षी सरकारने तिला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला, पण मालकी घराण्याकडेच राहिली. १९४८ मध्ये मालकांनी ती लोकांसाठी उघडली. पायऱ्या आल्या, दिवे आले, तिकीट आले. काही वर्षांतच दिवसाला हजाराहून अधिक माणसे आत जाऊ लागली.

१८/
प्रत्येक माणूस श्वासातून ओलावा, ऊब आणि कर्बवायू आत सोडत होता. हजारो वर्षे स्थिर राहिलेल्या हवेचा तोल गेला. भिंतींवर हिरवे शेवाळ चढले, चित्रांवर चुनखडीचा पांढरा थर धरू लागला. १९६३ च्या एप्रिलमध्ये गुहा लोकांसाठी बंद करावी लागली. १९७२ मध्ये ती फ्रेंच सरकारने विकत घेतली, आणि १९८३ मध्ये जवळच हुबेहूब प्रतिकृती उघडली. आजचे प्रवासी मूळ गुहा पाहत नाहीत. स्मारकाचा दर्जा देऊनही गुहा आजारी पडली, कारण दर्जा देताना दाराशी माणसे मोजणारा कोणी नेमला नव्हता.

१९/
आपल्याकडे हाच अनुभव अजिंठ्याने दिला. तिथे आता वाहने फर्दापूरच्या फाट्याशी थांबतात, पुढे ठरावीक बस नेते. रंगचित्रे असलेल्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच माणसांना थोड्या वेळासाठी सोडतात, प्रकाश मंद ठेवतात. उपनगरात कान्हेरीला अशी शिस्त एका योगायोगाने लाभली. ती राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात आहे. बोरिवलीच्या फाटकाशी वनखात्याचे तिकीट, लेण्यांच्या पायथ्याशी पुरातत्त्व खात्याचे, आणि अंधार पडण्याआधी परत फिरण्याचा नियम. बिबट्याच्या जंगलाने जे राखले, ते बाहेरच्या लेण्यांना मिळाले नाही.

२०/
जोगेश्वरीला चला. सहाव्या शतकातले हे लेणे जमिनीत खाली उतरत खोदलेले आहे. पायऱ्या उतरून लांब मार्गिकेतून मधल्या मंडपात जावे लागते. मंडपात वीस खांब, गाभाऱ्यात जोगेश्वरी देवी. पूजा आजही रोज होते. अडचण अशी की लेण्याचे छत म्हणजेच वरच्या वस्तीची जमीन. माथ्यावर आणि कडांवर घरे झाली, आणि त्यांचे सांडपाणी सहाव्या शतकाच्या छतातून झिरपू लागले. प्रकरण जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयात गेले. अतिक्रमणे हटवण्याचे आदेश निघाले, काही घरे हलली, बरीच राहिली.

२१/
इथे आणखी एक बाजू आहे. १९९२ च्या अधिसूचनेने आणि मग २०१० च्या दुरुस्तीने केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचा भाग निषिद्ध आणि त्यापुढचा २०० मीटरचा भाग नियंत्रित ठरला. निषिद्ध भागात नवे बांधकाम नाही; जुन्या घराच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते. जोगेश्वरीच्या कडेला दोन-तीन पिढ्या राहिलेल्या कुटुंबाला पुनर्विकास नाही, आणि गळके छप्पर बदलायचे तरी अर्ज करायचा. त्या घरातल्या माणसाला लेणे शेजारी न वाटता फिर्यादी वाटू लागते. ज्याच्या मोरीचे पाणी लेण्यात उतरते त्यालाच लेणे आपले वाटेनासे झाले, तर पहारेकरी किती ठेवणार?

२२/
अंधेरीच्या महाकालीचा प्रश्न निराळा. एकोणीस लेण्यांचा हा समूह, त्यातल्या चैत्यगृहात स्तूपाभोवती जाळीच्या खिडक्यांची गोल भिंत, जणू दगडात कोरलेली झोपडी. बिहारमधल्या बराबर डोंगरातील मौर्यकालीन गुहांची आठवण करून देणारी ही रचना पश्चिम भारतात दुर्मीळच. हे स्मारक केंद्राच्या संरक्षणात आहे. पण २०२०–२१ मध्ये लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याची जमीन खासगी असल्याचे आणि तिच्या मोबदल्यात हस्तांतरणीय विकासहक्क द्यायचे असल्याचे प्रकरण महापालिकेत आले, आणि मोठा गदारोळ झाला.

२३/
लेणीच विकली काय, असे एका बाजूने विचारले गेले. दुसऱ्या बाजूने उत्तर आले की व्यवहार फक्त रस्त्याच्या जमिनीचा आहे. राजकारण बाजूला ठेवून या उत्तरातला ‘फक्त’ पाहा. १९९१ च्या विकास नियमावलीने आणलेला हस्तांतरणीय विकासहक्क म्हणजे मालकाने सार्वजनिक कामासाठी जमीन सोडायची आणि तिच्या बदल्यात दुसरीकडे बांधकाम करण्याचा किंवा तो हक्क विकण्याचा अधिकार घ्यायचा. सोय म्हणून ती वाईट नाही. पण लेण्याची वाट लेण्याचाच अवयव मानली, तर तिचे मोल निव्वळ चौरस मीटरवर कसे ठरणार? आणि ती इतकी वर्षे कोणाच्या नावावर आहे, हे आधीच तपासून ठेवणे कोणाचे काम होते?

२४/
आता आपण पुन्हा मागाठाण्यात आलो आहोत. इथली बौद्ध लेणी सहाव्या शतकाच्या आसपासची, आकाराने लहान. कान्हेरी किंवा महाकालीसारखे केंद्रीय संरक्षणाचे कवच त्यांना लाभले नाही. जमीन खासगी हक्काची, भोवती वस्ती दाटलेली. पाहुण्यांच्या गर्दीचा प्रश्न इथे नाही. बोरिवलीत जन्म काढलेल्या माणसालाही वाट विचारत गल्लीबोळांतून जावे लागते. ज्या गावाच्या शेताने कधीकाळी कान्हेरीतल्या भिक्षूला वस्त्र पुरवले, त्याच गावाच्या स्वतःच्या लेण्यांसाठी आज कोणाचेही शेत बांधलेले नाही.

२५/
खासगी जागेतले असे लेणे राखायचे तर पहिले पाऊल मालकी हिसकावण्याचे असलेच पाहिजे असे नाही. केंद्राच्या कायद्याप्रमाणेच राज्याचाही १९६० चा स्वतंत्र कायदा आहे, आणि महानगरासाठी १९९५ पासून वारसा नियमावलीही आहे. मालकाशी लेखी करार होऊ शकतो. लेण्याचा नेमका नकाशा, माथ्यावरची आणि पायथ्याची किती जमीन त्याची, वाट कोणती, ती किती रुंद, लोकांनी केव्हा यावे, पाणी कुठून काढायचे, खर्च कोणी करायचा, हे सारे त्यात लिहिता येते. मालक बदलला तरी करार पुढच्या धन्यावर बंधनकारक राहील, अशी काळजी घेता येते. विकासहक्क द्यायचाच असेल, तर त्यातला काही भाग लेण्याच्या नावे कायमची ठेव म्हणून का ठेवू नये?

२६/
ही कल्पना परदेशातून आणलेली नाही. ती याच डोंगरात कोरून ठेवली आहे. अपरेणुकाने लेण्यासोबत शेत दिले. शिलाहारकालीन दात्याने दुरुस्तीचे तीन द्रम्म वेगळे काढले. लोहाराने वाट दिली. कोणीतरी वर्षानुवर्षे पन्हळ साफ केली. त्यांच्या काळीही लेणे खासगी पैशानेच घडत होते, तरीही ते सर्वांचे झाले, कारण देतानाच त्याच्या पाण्याचा, वाटेचा आणि उद्याच्या खर्चाचा हिशेब मांडला गेला होता. आपल्या काळातले कागद लेण्याची मालकी फार बारकाईने लिहितात आणि हा हिशेब कोरा सोडतात.

२७/
पुढच्या वेळी मेट्रोत मागाठाण्याची घोषणा ऐकली तर जरा पूर्वेकडे, डोंगराच्या रांगेकडे नजर टाका. त्या रांगेत एक लेख अजून वाचता येतो, आणि त्यात या गावाचे नाव शेताचे गाव म्हणून आहे. ते शेत काँक्रीटखाली नेमके कुठे गेले हे आता कोणी सांगू शकणार नाही. लेणी मात्र अजून आहेत. सवड मिळेल त्या रविवारी जाऊन पाहा. आत शिरताना चपला बाहेर ठेवा, भिंतीला हात लावू नका, आणि वाट सांगणाऱ्या शेजाऱ्याशी दोन शब्द बोला. लेणे पाहायला कोणी येते, हे त्यालाही कळू द्या. धागा समाप्त.